असाइनमेंट सबमिट केली, पण तपासणार वर्गमित्र! ऑनलाइन पीअर रिव्ह्यू नेमका कसा चालतो?

शाळेत शुद्धलेखनाची किंवा पाढ्यांची चाचणी झाली की बाई सांगायच्या, "वह्या बदला." आपली वही शेजारच्याकडे, त्याची आपल्याकडे. फळ्यावरची उत्तरं बघून बरोबर-चूक करायचं, खाली गुण लिहायचे आणि वही परत द्यायची. मैत्री असेल तर एखादी वेलांटी माफ व्हायची. सकाळी भांडण झालेलं असेल तर माफी नसायची.

हीच पद्धत आता स्क्रीनवर आली आहे. विद्यार्थी निबंध, प्रोजेक्ट रिपोर्ट, प्रोग्रॅम किंवा व्हिडिओ अपलोड करतो. सॉफ्टवेअर तो तीन-चार वर्गमित्रांकडे पाठवतं. ते गुण देतात, अभिप्राय लिहितात आणि त्यावरून निकाल लागतो. याला पीअर रिव्ह्यू किंवा सहाध्यायी मूल्यमापन म्हणतात.

फरक इतकाच की वहीतले गुण बाई परत एकदा नजरेखालून घालायच्या. ऑनलाइन कोर्समध्ये अनेकदा हेच गुण थेट निकालात किंवा सर्टिफिकेटमध्ये धरले जातात. त्यामुळे 'माझे गुण कोणी आणि कसे ठरवले?' हे विद्यार्थ्याला माहीत असायला हवं.

'सबमिट' म्हणजे नेमकं काय होतं?

फाइल अपलोड झाली म्हणजे असाइनमेंट सबमिट झालीच असं नाही. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

मूडल हे जगभरातल्या कॉलेजांमध्ये वापरलं जाणारं मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी ते सुरू केलं आणि २००२ मध्ये त्याची पहिली अधिकृत आवृत्ती आली. भारतातही अनेक संस्था ते वापरतात. आयआयटी मुंबई त्यांपैकी एक. मूडलमध्ये शिक्षकाने तशी सेटिंग ठेवली असेल तर अपलोड केलेली फाइल आधी 'ड्राफ्ट' म्हणून राहते. त्यानंतर 'सबमिट' हे वेगळं बटण दाबावं लागतं. ते राहून गेलं तर फाइल सर्व्हरवर असूनही असाइनमेंट 'सादर केलेली नाही' असंच दिसत राहतं.

मूडलमध्ये तारखाही दोन असू शकतात. एक देय तारीख, म्हणजे ड्यू डेट. ती उलटल्यावरही फाइल घेतली जाते, पण समोर 'उशिरा' असा शेरा पडतो. दुसरी कट-ऑफ डेट. ती उलटली की शिक्षकाने खास मुदतवाढ दिल्याशिवाय दार बंद. आणि वेळ मोजली जाते ती सर्व्हरच्या घड्याळावर. मोबाइलमध्ये ११:५८ वाजले होते, हे कारण तिथे चालत नाही.

गूगल क्लासरूम २०१४ मध्ये आलं. तिथे काम सादर करण्यासाठी 'टर्न इन' हे बटण असतं. ते दाबल्यावर त्या कामात बदल करता येत नाही. चूक लक्षात आली तर आधी 'अनसबमिट' करून, दुरुस्ती करून पुन्हा टर्न इन करावं लागतं. हे मुदतीनंतर केलं तर काम उशिरा आलं अशी नोंद होते.

तिसरा नेहमीचा घोळ लिंकचा. फाइलऐवजी ड्राइव्हची लिंक दिली आणि परवानगी खुली केली नाही, तर तपासणाऱ्याला फक्त 'अॅक्सेस मागा' एवढंच दिसतं. शिक्षक एखादे वेळी परवानगी मागतील. अनोळखी वर्गमित्र मात्र शून्य देऊन पुढे जाण्याची शक्यता जास्त.

कोणाचं काम कोणाकडे जाणार, हे कोण ठरवतं?

गूगल क्लासरूममध्ये बरेच शिक्षक ही वाटणी स्वतःच करतात. गूगल डॉक शेअर करून एकमेकांच्या मजकुरावर कॉमेंट करायला सांगतात. लहान वर्गाला ते पुरतं.

मोठ्या वर्गासाठी मूडलमध्ये 'वर्कशॉप' नावाची खास सोय आहे. तिचे पाच टप्पे असतात:

१. मांडणी: शिक्षक सूचना आणि निकष तयार करतात.
२. सादरीकरण: विद्यार्थी काम सबमिट करतात.
३. मूल्यमापन: प्रत्येकाला इतरांची ठरावीक कामं तपासायला मिळतात.
४. मूल्यमापनाचं मूल्यमापन: कोणी किती नीट तपासलं, याचे गुण काढले जातात.
५. समाप्ती: निकाल सगळ्यांना दिसतो.

कामाचं वाटप शिक्षक स्वतः करू शकतात किंवा सॉफ्टवेअरला चिठ्ठ्या टाकल्यासारखं करायला सांगू शकतात. चिठ्ठी पद्धतीचा फायदा म्हणजे दोन मित्रांनी एकमेकांचं काम निवडून घेण्याची वाट बंद होते.

नावं लपवण्याचीही सोय असते. काम कोणाचं हे तपासणाऱ्याला कळत नाही आणि तपासणारा कोण हे लिहिणाऱ्याला कळत नाही. पण सॉफ्टवेअरने लपवलेलं नाव विद्यार्थी स्वतःच उघड करतात. फाइलला स्वतःचं नाव आणि रोल नंबर दिलेला असतो, पहिल्या पानावर 'सादरकर्ता' म्हणून नाव असतं किंवा डॉकच्या कोपऱ्यात अकाउंटचा फोटो झळकतो. सूचनेत नाव लिहू नका असं सांगितलं असेल तर या तिन्ही जागा तपासाव्या लागतात.

रुब्रिक म्हणजे काय?

"बरं वाटलं, ७ दिले" असं होऊ नये म्हणून तपासणाऱ्याच्या हातात निकषांचा तक्ता दिला जातो. त्याला रुब्रिक म्हणतात. समजा, 'आपल्या भागातला पाणीपुरवठा' या विषयावर अहवाल लिहायचा आहे. रुब्रिकमधला एक निकष असा असू शकतो:

• माहितीचा स्रोत दिलेला नाही: ० गुण
• स्रोत दिला आहे, पण कोणती माहिती कुठून घेतली ते कळत नाही: १ गुण
• प्रत्येक आकड्यासोबत स्रोत दिला आहे: २ गुण

इथे तपासणाऱ्याला स्वतःचं मत बनवायचं नसतं. अहवालात काय आहे ते बघून तीनपैकी एक ओळ निवडायची असते. याउलट 'माहितीचा दर्जा: वाईट, बरा, चांगला' असा निकष दिला तर 'बरा' म्हणजे काय हे प्रत्येक जण आपापल्या परीने ठरवतो आणि गुणांत मोठी तफावत पडते.

मूडल वर्कशॉपमध्ये रुब्रिकशिवाय आणखी तीन पद्धती आहेत: प्रत्येक मुद्द्याला गुण आणि शेरा, नुसताच शेरा, किंवा हो-नाही स्वरूपात चुका मोजणं.

आधी तपासणाऱ्याचीच परीक्षा

विद्यार्थ्याला तपासता येतं हे गृहीत का धरायचं? या प्रश्नावर अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाने १९९० च्या दशकात एक उत्तर शोधलं. तिथे तयार झालेल्या 'कॅलिब्रेटेड पीअर रिव्ह्यू' या प्रणालीत विद्यार्थी स्वतःचं लेखन सादर केल्यानंतर आधी तीन नमुना लेख तपासतो. त्यांचे योग्य गुण शिक्षकांनी आधीच ठरवलेले असतात. विद्यार्थ्याचे गुण त्यांच्याशी किती जुळतात यावरून त्याच्या तपासणीला किती वजन द्यायचं ते ठरतं. मग तो तीन सहाध्यायींचे लेख तपासतो आणि शेवटी स्वतःचा.

ओपन एडएक्स या मुक्त स्रोत व्यासपीठावरही अशी सराव पायरी ठेवता येते. नमुना उत्तरांना शिक्षकांनी दिलेले गुण विद्यार्थ्याला जुळवता आले की मगच त्याला इतरांचं काम दिसतं. आयआयटी मुंबईचं 'आयआयटीबॉम्बेएक्स' हे व्यासपीठ याच ओपन एडएक्सवर उभारलेलं आहे.

अंतिम गुण कसे निघतात?

समजा, दहापैकी गुण द्यायचे आहेत. चार जणांनी एका अहवालाला ७, ८, ७ आणि २ असे गुण दिले. चौथ्याने बहुधा नीट वाचलंच नाही.

सरासरी काढली तर २४ भागिले ४, म्हणजे ६ गुण. एका निष्काळजी माणसाने साधारण एक गुण खाल्ला. पण गुण चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला (२, ७, ७, ८) तर ७ येतात. याला मध्यक किंवा मीडियन म्हणतात. ओपन एडएक्सची मूळ पद्धत हीच आहे: प्रत्येक निकषासाठी सहाध्यायींनी दिलेल्या गुणांचा मध्यक. त्यामुळे एखाद्याने मुद्दाम शून्य दिला किंवा मैत्रीखातर पैकीच्या पैकी दिले तरी निकाल फारसा हलत नाही.

मूडल वर्कशॉप सरासरी घेतं, पण त्याला दुसरी जोड देतं. तिथे विद्यार्थ्याला दोन वेगळे गुण मिळतात: एक स्वतःच्या कामाचा, दुसरा इतरांचं काम तपासल्याचा. मूळ सेटिंगमध्ये हे प्रमाण ८० आणि २० असतं, शिक्षक ते बदलू शकतात. तपासणीचे गुण ठरवताना सॉफ्टवेअर एकाच कामावरची सगळी मूल्यमापनं एकमेकांशी ताडून बघतं. जे सरासरीच्या सर्वांत जवळ असेल ते उत्तम धरलं जातं आणि जो त्यापासून जितका दूर, त्याचे गुण तितके कमी. वरच्या उदाहरणात २ गुण देणाऱ्याला स्वतःच्या २० गुणांत फटका बसेल.

यात एक धोका आहे. चारपैकी तिघांना न कळलेली चूक चौथ्याला कळली असेल, तर बरोबर असूनही गुण त्याचेच कापले जातात. म्हणूनच मूडलमध्ये शिक्षकाला स्वतःचं मूल्यमापन जोडण्याची, एखाद्याच्या मूल्यमापनाला जास्त वजन देण्याची आणि गुण हाताने बदलण्याची सोय ठेवलेली आहे.

वर्गमित्रांनी दिलेल्या गुणांवर विश्वास ठेवायचा का?

२०१२ मध्ये कोर्सेरा सुरू झालं आणि एकेका कोर्सला जगभरातून हजारो विद्यार्थी येऊ लागले. बहुपर्यायी प्रश्न यंत्र तपासू शकतं, पण डिझाइनचं काम कोण तपासणार? स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक स्कॉट क्लेमर यांच्या ऑनलाइन कोर्समध्ये ते विद्यार्थ्यांवरच सोपवलं गेलं. चिन्मय कुलकर्णी, क्लेमर आणि सहकाऱ्यांनी या प्रयोगाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातले निष्कर्ष असे:

• कोर्सच्या दुसऱ्या फेरीत ४२.९ टक्के विद्यार्थ्यांचे गुण शिक्षकवर्गाने दिलेल्या गुणांपासून ५ टक्क्यांच्या आत होते, तर ६५.५ टक्के विद्यार्थ्यांचे १० टक्क्यांच्या आत.
• स्वतःचं काम तपासताना विद्यार्थ्यांनी शिक्षकांपेक्षा सरासरी ७ टक्के जास्त गुण दिले.
• आपल्याच देशातल्या विद्यार्थ्यांच्या कामाला इतर देशांतल्या कामापेक्षा ३.६ टक्के जास्त गुण मिळाले.
• 'तू सढळ हाताने गुण देतोस' किंवा 'तू कडक तपासतोस' हे विद्यार्थ्याला दाखवून दिल्यावर पुढची तपासणी जास्त अचूक झाली.
• रुब्रिकची भाषा सुधारल्यावर गुणांतली मध्यक चूक १२.४ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आली.

म्हणजे बहुसंख्यांच्या बाबतीत ही पद्धत चालते. पण दुसरी बाजूही याच आकड्यांत आहे. तीनपैकी एका विद्यार्थ्याचे गुण शिक्षकांच्या गुणांपासून १० टक्क्यांहून जास्त दूर होते. पास-नापासच्या सीमेवर असलेल्या मुलासाठी १० टक्के म्हणजे सगळंच. त्यामुळे नुसत्या पीअर रिव्ह्यूवर मोठा निकाल लावायचा असेल तर दाद मागण्याची सोय हवीच.

मग शिक्षक हे सगळं कशासाठी करतात?

'सरांचं काम मुलांवर ढकललं' अशी तक्रार नेहमी होते आणि काही ठिकाणी ती खरीही असते. पण या पद्धतीचा मोठा फायदा तपासणाऱ्याला होतो.

क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाने सत्रभर फक्त इतरांच्या लेखनावर अभिप्राय द्यायला शिकलं. दुसऱ्या गटाने फक्त मिळालेला अभिप्राय कसा वापरायचा ते शिकलं. सत्राच्या शेवटी अभिप्राय देणाऱ्यांचं स्वतःचं लेखन घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलं होतं. त्यातही ज्यांची भाषा कच्ची होती, त्यांची प्रगती जास्त दिसली.

कारण समजण्यासारखं आहे. दुसऱ्याच्या अहवालात 'हा आकडा कुठून आणला?' हा प्रश्न एकदा पडला की स्वतःच्या अहवालातला तोच प्रश्न डोळ्यांत भरतो.

अभिप्राय कसा लिहायचा?

'छान', 'मस्त लिहिलंय', अंगठ्याची इमोजी. याने समोरच्याला बरं वाटतं, पण पुढच्या मसुद्यात काय बदलायचं ते कळत नाही. 'काहीच जमलेलं नाही' याचाही उपयोग शून्य.

उपयोगी अभिप्रायात तीन गोष्टी असतात: जागा, अडचण आणि सूचना. उदाहरणार्थ:

"दुसऱ्या परिच्छेदात टँकरची संख्या दिली आहे, पण ती एका दिवसाची की महिन्याची ते कळलं नाही. कालावधी आणि स्रोत लिहिला तर मुद्दा पक्का होईल. विहिरींचा तक्ता मात्र लगेच समजला."

यात माणसावर एकही शब्द नाही, सगळं कामावर आहे. 'तू आळशीपणा केला आहेस' आणि 'शेवटचा भाग अपुरा वाटतो' यांत हाच फरक. नाव लपलेलं असलं तरी शिक्षकाला ते दिसू शकतं, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

गडबड कुठे होते?

ग्रुपवरची देवाणघेवाण: 'मला फुल मार्क द्या, मी तुम्हाला देतो' असे मेसेज वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतात. चिठ्ठी पद्धतीचं वाटप, मध्यक आणि तपासणीचे वेगळे गुण हे यावरचे उपाय. पूर्ण इलाज मात्र कशातच नाही.

तपासणारेच गायब: मोठ्या कोर्समध्ये बरेच जण मध्येच सोडून जातात आणि त्यांच्याकडे गेलेली कामं पडून राहतात. म्हणून कोर्सेरासारख्या ठिकाणी इतरांची ठरावीक कामं तपासल्याशिवाय स्वतःचा निकाल मिळत नाही.

नक्कल: मुदतीआधीच इतरांचं काम दिसलं तर ते उचलण्याचा मोह होतो. म्हणून सादरीकरण पूर्ण बंद झाल्यावरच तपासणी सुरू करणं सुरक्षित.

एआयचा अभिप्राय: चॅटबॉटकडून लिहून घेतलेला अभिप्राय गुळगुळीत असतो आणि कोणत्याही कामाला चिकटवता येतो. शिवाय वर्गमित्राचं अप्रकाशित काम त्याला न विचारता बाहेरच्या सेवेत टाकलं जातं. 'नेमक्या ओळीचा उल्लेख करा' अशी अट घातली की अशी पळवाट थोडी अवघड होते.

मोबाइल आणि भाषा: एकाकडे लॅपटॉप, दुसऱ्याकडे आईचा मोबाइल. हाताने लिहिलेल्या पानांचे अंधुक फोटो आले की तपासणारा वैतागतो आणि गुण जातात ते विचारांचे नव्हे, कॅमेऱ्याचे. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांचंही तसंच होतं. मुद्द्याचे आणि भाषेचे गुण रुब्रिकमध्ये वेगळे ठेवले तर हे नुकसान कमी होतं.

सगळीकडे पीअर रिव्ह्यू असतो का?

नाही. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना माहीत असलेल्या एनपीटीईएलच्या कोर्समध्ये साप्ताहिक असाइनमेंट बहुतेक वेळा यंत्रच तपासतं. साधारण १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम ८ असाइनमेंटची सरासरी २५ टक्के धरली जाते आणि उरलेले ७५ टक्के केंद्रावर होणाऱ्या परीक्षेचे असतात. उत्तर एकच असेल तिथे वर्गमित्राची गरज नसते. निबंध, डिझाइन, प्रोजेक्ट अशा अनेक बरोबर उत्तरं असलेल्या कामांसाठी ती लागते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाळेच्या समग्र प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या मूल्यमापनासोबत स्वयं-मूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापनाचाही समावेश करायला सांगितलं आहे. म्हणजे कॉलेजपुरता वाटणारा हा विषय आता शाळकरी मुलांच्या घरीही पोहोचणार आहे.

माझे गुण दुसऱ्या मुलाला दिसले, हे कायद्याने चालतं का?

हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ओक्लाहोमा राज्यातल्या ओवासो इथल्या शाळांमध्ये मुलं एकमेकांचे पेपर तपासत आणि गुण मोठ्याने सांगत. एका आईने त्याला आक्षेप घेतला. न्यायालयाने २००२ मध्ये एकमताने निकाल दिला की मुलांनी एकमेकांच्या पेपरवर लिहिलेले गुण त्या टप्प्यावर संस्थेने जपलेल्या 'शैक्षणिक नोंदी' ठरत नाहीत, त्यामुळे ही पद्धत गोपनीयता कायद्याचा भंग करत नाही.

मात्र तो निकाल कागदाच्या काळातला. ऑनलाइन दिलेला प्रत्येक गुण आणि शेरा लगेच सर्व्हरवर साठतो. भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून तिच्या डेटासाठी वेगळ्या अटी घातल्या आहेत. वर्गमित्राच्या गुणांचा किंवा अभिप्रायाचा स्क्रीनशॉट स्टेटसला टाकणं ही म्हणूनच नुसती गंमत राहत नाही.

गुण पटले नाहीत तर काय करायचं?

• सबमिट केल्याची पोचपावती किंवा तारीख-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट जपून ठेवावा.
• रुब्रिक उघडून कोणत्या निकषात गुण गेले ते बघावं.
• चार जणांपैकी एकाचेच गुण फार वेगळे असतील तर तेवढाच मुद्दा शिक्षकांकडे मांडावा.
• 'मला कमी दिले' असं न म्हणता 'स्रोताच्या निकषात ० दिले आहेत, पण पान ३ वर स्रोत आहे' असं लिहावं.
• तपासणारा कोण हे शोधून त्याला मेसेज करू नये.

शिक्षकांना गुण बदलण्याचा अधिकार बहुतेक प्रणालींमध्ये असतो. बाई वही परत घेऊन एकदा नजर टाकायच्या, तसंच हे. फक्त इथे कुठे बघायचं ते विद्यार्थ्यालाच दाखवून द्यावं लागतं.